चेहरा त्याचा, आवाज दुसऱ्याचा

माझ्या नवऱ्याला अमेरिकेतल्या एका जुन्या नटाचं फार वेड. त्या नटाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून मी ते कधी घेतलं नाही. घरात आम्ही त्याला नुसतं 'तो' म्हणायचो. 'रविवारी तो लागणार आहे,' एवढं यांनी म्हटलं की मला कळायचं, रविवारी डबा लवकर लागणार.

हे आमच्या तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. रोजचे खेळ हिंदी-मराठी. रविवारी सकाळी मात्र एक इंग्रजी खेळ असायचा. त्याला माणसं थोडी. दोन-चार मास्तर, एक डॉक्टर, आणि पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून आलेले बाजारकरी. पडद्यावर काय बोलतात ते बाजारकऱ्यांना कळत नसे. यांनाही सगळं कळत नसे. पण एकच चित्र मालक दोन-तीन रविवार चालवायचे, आणि हे मशीनरूमच्या भोकातून ते पुन्हा पुन्हा बघायचे. मग दुपारी ताटावर बसले की मला त्या नटाची गोष्ट सांगायचे. चित्रातली नाही, त्याची स्वतःची.

तो लहान गावचा होता. बाप न्हावी. गावात धान्याची उंच कोठारं आणि सदानकदा वारा. लहानपणी तो अडखळत बोलायचा, म्हणून दुकानात गिऱ्हाईक आलं की मागच्या दारानं पळून जायचा. पुढं शहरात बर्फाच्या लाद्या उतरवायचं काम केलं. सिनेमात शिरला तो पुलावरून नदीत पडायला माणूस पाहिजे होता म्हणून. पडला. पुन्हा पड म्हणाले, पुन्हा पडला. तेव्हा चित्रं मुकी होती, त्यामुळं त्याचं अडखळणं कुणाला कळलं नाही. मग बोलकी चित्रं आली आणि तो घाबरला. जीभ अडकू नये म्हणून प्रत्येक वाक्याआधी थांबायला लागला. लोकांना वाटलं, केवढा विचार करून बोलतो हा माणूस. त्या थांबण्यावरच त्याचं नाव झालं.

'तुझ्यासारखा आहे तो,' हे म्हणायचे. 'तुझ्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतून पोहरा ओढायचा.'

मी पुढची पोळी वाढायची.

आधी तो मध्यंतराच्या आत मरणारा माणूस असायचा. मग नायकाचा मित्र झाला, मग नायक. पुढं लढाईवर गेला, आणि परत आला तेव्हा तोंडावरचं पाणी उतरलं होतं. दोन लग्नं मोडली, तिसरं टिकलं. नवी पोरं नायक झाली आणि हा बाप व्हायला लागला, न्यायाधीश व्हायला लागला. एका चित्रात तर दारात उभा राहून एक वाक्य बोलला आणि निघून गेला. ते सांगताना यांचा घास हातातच राहिला होता.

शेवटच्या चित्रात त्याला वाक्यं आठवेनाशी झाली होती. तेव्हा त्याची बायको कॅमेऱ्याच्या खाली बसायची आणि हळू आवाजात एकेक वाक्य सांगायची. ती सांगणार, मग तो म्हणणार.

'नीट बघितलं ना, तर कळतं,' हे म्हणायचे. 'बोलायच्या आधी तो एवढासा खाली बघतो, डाव्या हाताला. लोकांना वाटतं दुःख करतोय. तो बायकोचं ऐकत असतो.'

'हे कुठं वाचलं तुम्ही?'

'वाचायला कशाला लागतं? मशीनवाल्याला दिसतं.'

यातलं खरं किती, सिनेमाच्या मासिकातलं किती आणि यांनी मनानं घातलेलं किती, ते मला माहीत नाही. मी त्याला एकदाच पाहिलं होतं. डबा घेऊन मशीनरूममध्ये गेले होते आणि यांनी मला भोकापाशी उभं केलं. टोपी हातात धरून तो कुणाशी तरी बोलत होता. मशीनची एवढी घरघर की काही ऐकू येईना, आणि तिथला छोटा स्पीकर बिघडलेला. त्याचे ओठ हलत होते. त्याचा आवाज कसा आहे ते मला कधी कळलंच नाही.

पुढं टॉकीज बंद पडली. मुलगा शिकला, इंजिनियर झाला, जर्मनीला गेला. नेकारसुल्मला मोटारींचा मोठा कारखाना आहे, तिथं. सून पुण्याची, तीही तिकडं कॉम्प्युटरच्या कंपनीत. आणि इकडं हे विसरायला लागले. आधी किल्ल्या विसरले, मग घराचा रस्ता, मग मी.

मुलानं आम्हाला दोघांना बोलावून घेतलं. व्हिसा तीन महिन्यांचा. द्राक्षांच्या मळ्यांची पानं पिवळी पडत होती तेव्हा आम्ही गेलो. मुलाच्या घराच्या खिडकीतून ते मळे दिसायचे, डोंगरावर ओळीत लावलेले. मी दिवसभर त्यांच्याकडं बघायची, कारण दुसरं काही बघायला मला फुरसत नव्हती आणि मळे बघायला उठावं लागत नव्हतं.

नवीन जागेत यांचं जास्तच बिघडलं. मुलाला ओळखायचे, कधी भाऊ म्हणून, कधी मुलगा म्हणून. सुनेला 'मॅडम' म्हणायचे. नात चार वर्षांची, ती सगळ्यांशी जर्मनमध्येच बोलायची, तिच्याशी यांचं छान जमायचं. माझ्याशी मात्र हे फार अदबीनं वागायला लागले. जन्मभर 'अगं', 'ए', 'ऐकलंस का' म्हणणारा माणूस मला 'तुम्ही' म्हणायला लागला.

'बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचे घरचे वाट बघत असतील.'

'अहो, मी घरचीच आहे.'

'तसं मानता, हा तुमचा मोठेपणा.'

शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. हे हात जोडायचे. जेवायला बसले की म्हणायचे, 'तुम्ही घ्या आधी, तुम्ही पाहुण्या.' मी दिलेली गोळी गालात धरून ठेवायचे आणि मी वळले की फुलांच्या कुंडीत टाकायचे. अंघोळीला न्यायला गेले की शर्टाचं गळ्याचं बटण दोन्ही हातांनी धरायचे. परक्या बाईसमोर कपडे कसे काढणार? त्यांचं काय चुकत होतं? भला माणूस दुसरं काय करील?

मग मुलगाच कामावर जायच्या आधी त्यांना अंघोळ घालायचा. बाहेर अंधारच असायचा तेव्हा. अंघोळ घालून, कपडे बदलून, तसाच ओल्या बाह्यांनी पळायचा.

एकदा जेवण झाल्यावर त्यानं मला मोबाइलवर पुण्याजवळच्या एका केंद्राची चित्रं दाखवली. विसरणारी म्हातारी माणसं तिथं ठेवतात. बाग होती, बाकं होती, पांढऱ्या कपड्यातल्या बायका होत्या.

'आई, इथं मी आहे. तिथं परत गेल्यावर काय करणार तू?'

'करीन.'

'कसं करशील? ते तुला हात लावू देत नाहीत. गोळी घेत नाहीत. त्यांनी तुझ्या हातनं अंघोळ केली असती, गोळ्या घेतल्या असत्या, तर मी काही बोललो नसतो.'

सून म्हणाली, 'आई, तुमच्याकडं पण बघा जरा. डोळे किती आत गेलेत.'

दोघं वाईट बोलत नव्हती. मी उठून भांडी मशीनमध्ये लावली. यांना तिथं ठेवलं तर हे तिथल्या प्रत्येक बाईला हात जोडतील आणि म्हणतील, तुमचे घरचे वाट बघत असतील. आणि यांची वाट बघणारी मी घरी बसेन. एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. व्हिसा संपायच्या आत यांनी मला जवळ येऊ द्यायला पाहिजे होतं. कसं, ते काही कळत नव्हतं. मी मोठमोठ्यानं बोलायला लागले होते. यांना ऐकायलाही कमी येतं. माझा आवाज आयुष्यात कधी उंबऱ्याबाहेर गेला नव्हता, तो आता चढायला लागला. 'अहो, गोळी!' 'अहो, चप्पल!' 'अहो, मी आहे!' दिवस संपेपर्यंत घसा सोलून निघायचा.

एका रविवारी दुपारी सून कपड्यांना इस्त्री करत होती आणि टीव्हीवर काहीतरी लागलं होतं. यांच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून मी रोलाडेन खाली घेतलं. तिथं खिडक्यांना बाहेरून पट्ट्यांचं शटर असतं, पट्टा ओढला की ते खडखडत खाली येतं आणि भर दुपारी मिट्ट अंधार होतो. फटींतून उजेडाच्या चार रेघा तेवढ्या आल्या. हे एकदम ताठ बसले.

'पडदा ठीक आहे,' म्हणाले. 'डाव्या अंगाला जरा फोकस गेलाय.'

आणि पडद्यावर तो आला. काळं-पांढरं चित्र. तरुण होता, टोपी हातात. यांनी त्याचं नाव घेतलं, आडनावासकट, एकदम खणखणीत. माझं नाव विसरलेल्या माणसानं. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं, पण तेव्हा कुठलं काय ते बघायला मी थांबले नाही. मीही खुर्ची ओढून बसले.

तो थांबला, आणि मग बोलला. जर्मनमध्ये.

हे उठून उभे राहिले. 'बंद करा! बंद करा! हा आवाज त्याचा नाही.'

'अहो, बसा.'

'चेहरा त्याचा आहे, आवाज दुसऱ्याचा आहे. कुणी बसवला? ओठ बघा, ओठ कुठं आणि आवाज कुठं!'

सुनेनं इस्त्री उभी केली. 'गेनाऊ!' म्हणाली. हा तिकडचा शब्द, अगदी बरोबर म्हणायला. 'आई, बाबांना बरोबर कळलं की! इथं सगळी बाहेरची चित्रं जर्मनमध्ये करून दाखवतात. एकेका नटाला इथला एकेक माणूस ठरलेला असतो. तो जन्मभर त्याच्यासाठी बोलतो.'

'आणि तो मेला तर?'

'कोण, नट का बोलणारा?'

'बोलणारा.'

'मग दुसरा देतात. लोक फार चिडतात म्हणे.'

हे कुरकुर करत खुर्चीत झोपले. आम्ही दोघींनी ते चित्र शेवटपर्यंत पाहिलं. तो एका आडबाजूच्या स्टेशनचा स्टेशनमास्तर होता. एक विधवा बाई सामान घेऊन उतरते, तिची पुढची गाडी चुकते आणि ती तिथंच अडकते. मला भाषा येत नव्हती, सून मधूनमधून सांगत होती.

'आता तो तिला झी म्हणतोय. झी म्हणजे तुम्ही.'

'बरं.'

'आणि डू म्हणजे तू. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द आहे, त्यामुळं त्यांना काही त्रास नाही. इथल्या लोकांना मात्र ठरवावं लागतं, नक्की कुठल्या क्षणाला तुम्हीचं तू करायचं. बहुतेक वेळा मुका घेतला की करतात.'

मी पदराकडं बघितलं. सून हसली. पण त्या चित्रात मुका नव्हताच. गार वारं सुटलं तेव्हा त्यानं आपला कोट काढून तिच्या खांद्यावर घातला, थांबला, आणि काहीतरी म्हणाला.

'हे बघा! डू!' सून ओरडलीच. 'आता झालं.'

'माणसं पण असं करतात का? खरीखुरी?'

'करतात म्हणजे? उगाच कुणी कुणाला तू म्हणू शकत नाही इथं. द्यावं लागतं ते. परवा मला आमच्या बॉसनं डू दिलं.'

'दिलं म्हणजे?'

'म्हणजे कॉफी पिताना म्हणाला, आपली आता एवढी ओळख झाली, आपण डू म्हणूया का? मोठ्यानं विचारायचं असतं, लहानानं नाही. आणि दोघांनी म्हणायचं. त्यानं मला डू आणि मी त्याला झी, असं नाही चालत. शेजारच्या आजींनी तर इतक्या वर्षांत अजून नाही दिलं मला.'

मला गंमत वाटली. आमच्यात नवरा लग्नाच्या दिवसापासून अगं म्हणतो आणि बायको मरेपर्यंत अहो. कुणी कुणाला विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलानं तेच चित्र लॅपटॉपवर त्याच्या खऱ्या आवाजात शोधून दिलं. हे शांत झाले. 'हां,' म्हणाले, 'हा तो.' मी पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला. बारीक होता, जरासा नाकातला. खरं सांगायचं तर मला जर्मन आवाजच त्याचा वाटत होता. आदल्या दिवशी तोच कानात बसला होता.

मुलगा म्हणाला, 'बाबा, आवाज ओळखलात! मग ही कोण, ओळखा बघू.' आणि मला पुढं केलं.

यांनी मला नीट पाहिलं. मग मुलाला जवळ बोलावून, मला ऐकू जाऊ नये म्हणून हाताचा आडोसा करून म्हणाले, पण ते स्वतः कमी ऐकतात म्हणून सगळ्या खोलीला ऐकू गेलं, 'या बाईंचंही तसंच केलंय. चेहरा आमच्या घरातल्या हिचा. आवाज दुसऱ्या कुणाचा तरी बसवलाय. तू चौकशी कर.'

मुलगा हसला. मग त्याचं हसू गेलं. दोन दिवसांनी त्यानं केंद्रात फोन केला आणि आम्ही परत जाऊ त्याच्या पुढच्या आठवड्याची जागा धरून ठेवायला सांगितलं. मला सांगितलं तेव्हा मी 'बरं' म्हणाले. भांडायला अंगात जोर लागतो. माझ्या अंगात तो नव्हता. जाण्याच्या आधी भाजी कुठली करायची, गोळ्या किती उरल्या, एवढ्यावरच मी चालले होते.

पुढच्या रविवारी मुलगा नातीला घेऊन पोहायला गेला. यांना अंघोळ घालायची राहिली होती. मी म्हटलं, आपण बघू. बाथरूममध्ये स्टुलावर बसवलं, पाणी काढलं. यांनी बटण धरलं.

'अहो, सोडा ते!'

'बाई, हे बरं नाही.'

'अहो, मी तुमची बायको आहे! बायको! ऐकू येतंय का?'

'हळू बोला, लोक काय म्हणतील?'

'म्हणू देत! हात सोडा!'

तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाहेर सून कुणाशी तरी बोलली, दार लागलं आणि ती आत आली. तोंड कसनुसं झालं होतं.

'शेजारच्या आजी आल्या होत्या. आई, आज रविवार. इथं रविवारी रूहेत्साइट असते. म्हणजे शांतता पाळायची. भिंतीला भोक पाडायचं नाही, व्हॅक्यूम लावायचा नाही, मोठा आवाज करायचा नाही.'

'माझा आवाज ऐकू गेला?'

'त्यांनी विचारलं, कुणी भांडतंय का? मी म्हटलं, नाही, अंघोळ चाललीये.' ती हसायला बघत होती. 'त्यांना काही ते पटलं नाही.'

माझे कान तापले. परक्या मुलखात, परक्या भिंतीपलीकडं माझा आवाज जावा आणि कुणी येऊन सांगावं? आमच्या गल्लीत कुणी कधी माझा आवाज ऐकला नव्हता. सून गेली. मी दार लावून घेतलं आणि टबाच्या काठावर टेकले. वाटलं, राहू दे. केंद्र तर केंद्र. त्या बायका पांढरे कपडे घालतात, त्यांना हे नर्स समजतील आणि बटण सोडतील. मला कोण समजतात, देव जाणे.

पण पाणी काढलेलं होतं. मी यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं, त्या कानानं जरा बरं ऐकू येतं, आणि शेजारी जाऊ नये अशा बेतानं म्हटलं, 'पाणी निवतंय हो.'

यांचं डोकं एवढंसं खाली गेलं, डाव्या हाताला.

'पुन्हा बोला,' म्हणाले.

'पाणी निवतंय.'

'आता बसला,' हे म्हणाले. 'आता आवाज ओठांवर बसला.'

मी थांबले. आता हे 'अगं' म्हणतील, 'तू कधी आलीस' म्हणतील. पण यांनी माझ्याकडं तसंच सभ्यपणानं पाहिलं.

'तुमचा आवाज आमच्या घरातल्या हिच्यासारखा आहे,' म्हणाले. 'अगदी तसाच. तीही अशीच हळू बोलते.'

मीच ती, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं. हजार वेळा सांगून झालं होतं ते. यांच्या दृष्टीनं मी एक भली बाई होते, आवाज ओळखीचा असलेली, त्याहून जास्त नाही. मग मला सुनेच्या बॉसची आठवण झाली. कॉफीचा कप हातात घेऊन विचारणाऱ्या.

मी हळूच म्हटलं, 'आपली आता एवढी ओळख झाली. तुम्ही मला अगं म्हटलंत तरी चालेल.'

हे विचारात पडले. 'बरं दिसतं का ते?'

'इथं तशी पद्धत आहे. मोठ्या माणसानं विचारायचं असतं.'

'असं?' पुन्हा विचार. 'पण विचारलं तुम्ही. मोठं कोण?'

'तुम्हीच मोठे.'

'मग मी विचारायला पाहिजे.' यांनी घसा साफ केला. 'आपण अरे-तुरे करूया का?'

'करूया.'

'तू म्हण आधी.'

'मी कशाला? तुम्ही म्हटलंत की झालं.'

'वा! मी तुला अगं म्हणायचं आणि तू मला अहो? एकतर्फी नाही चालायचं. मी काय तुझा सासरा आहे?'

माझ्याशी इतकं सलग हे कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. पण मला ते जमेना. तोंडातून तो शब्द निघेचना. लग्नात नाव घे म्हणून बायकांनी अडवलं होतं तेव्हाही मी अशीच उभी होते, घामाघूम. हे वाट बघत होते, शर्टाच्या बटणावर दोन्ही हात. पाणी खरंच निवत होतं.

मी डोळे मिटले. म्हटलं, 'हात काढ.'

यांनी हात काढले.

'वर कर.'

वर केले.

मी शर्ट काढला. पाठीवर पाणी घातलं. सगळं कुजबुजत. 'मान खाली घे.' 'डोळे मीट, साबण जाईल.' 'पाय पुढं कर.' हे सगळं ऐकत होते. प्रत्येक वेळी थोडं थांबायचे, खाली बघायचे आणि मग करायचे. टॉवेलनं केस पुसताना म्हणाले, 'तू छान करतेस गं. दुखत नाही.' त्या 'गं'ला मी टॉवेल यांच्या डोक्यावर तसाच थोडा वेळ धरून ठेवला, म्हणजे यांना माझं तोंड दिसू नये.

मुलगा परत आला तेव्हा मी यांना गोळी देत होते. 'घे. पाणी पी. गीळ. तोंड उघड, दाखव.' यांनी तोंड उघडून दाखवलं. मुलगा दारात ओले केस घेऊन उभाच राहिला.

'आई, तू बाबांना अरे-तुरे करतेस?'

सुनेला मी सगळं सांगितलं होतं. ती आतून म्हणाली, 'अरे, बाबांनी दिलंय त्यांना!' आणि तिला हसू आवरेना. नातीला कशाचं हसतात ते कळलं नाही, तरी तीही हसली. तिला यात नवीन काहीच नव्हतं, ती सगळ्यांनाच डू म्हणते.

निघायच्या दिवसापर्यंत मुलानं रोज बघितलं. अंघोळ, गोळ्या, कपडे. त्यानं केंद्रात फोन करून इतक्यात नको म्हणून सांगितलं. 'इतक्यात' हा शब्द त्यानं दोनदा म्हटला. मी ऐकला. विमानतळावर त्यानं यांना मिठी मारली तेव्हा हे त्याला म्हणाले, 'दादा, येतो.'

आता आम्ही गावी आहोत. मी दिवसभर हळू बोलते. थकवा काही कमी झालेला नाही, उलट घसा बरा आणि पाठ वाईट अशी गत आहे. नणंद येऊन गेली. ती म्हणाली, 'वहिनी, जर्मनीला जाऊन हेच शिकून आलीस का? दादाला अरे-तुरे?' मी चहा केला.

दुपारी खिडकीला चादर लावून अंधार करते आणि यांना बसवते. टीव्हीचा आवाज बंद ठेवते. चित्र कुठलंही असलं तरी यांना तोच दिसतो. अंघोळीच्या वेळी मात्र गप्पा मारतात.

'तुझा नवरा काय करतो गं?'

'टॉकीजमध्ये मशीन चालवतो.'

'मग तुला वाट बघावी लागत असेल.'

'लागते.'

'येईल. शेवटचं रीळ लागलं असेल.'

'हात वर कर,' मी म्हणते.

तो थोडा थांबतो. खाली बघतो, डाव्या हाताला. मग हात वर करतो.